शेवटचं माहीत असलेलं तापमान

आमच्या ऑफिसात त्यांना 'आणिमग' म्हणायचे. तोंडावर अर्थातच सर. पण सर खोलीत नसले की "आणिमग आले का?", "आणिमगनी माझा कोड परत पाठवला," असंच सगळं चालायचं. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते रुळलेलं होतं. सरांनाही ते ठाऊक होतं आणि त्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

कारण साधं होतं. तुम्ही लिहिलेला कोड रिव्ह्यूसाठी त्यांच्याकडे गेला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, स्क्रीनला नाक लागेल इतके पुढे सरकायचे आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "हे झालं नाही तर?"

"तर पुन्हा प्रयत्न करतं, सर."

"आणि मग?"

"तीनदा नाही जमलं तर थांबतं."

"आणि मग?"

"मग... थांबतं."

"कोणाला सांगून थांबतं?"

मग सर चष्मा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "जा, विचार करून ये." आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. चढला असता तर परवडलं असतं, निदान चिडायला तरी निमित्त मिळालं असतं.

कंपनी आमची चौदा माणसांची. खाली चष्म्याचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. लांबलचक दोन टेबलं, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाठ, आणि चहाची एक किटली, जिचं बटण पाणी उकळेपर्यंत बोटाने दाबून धरावं लागे. इस्पितळांत औषधांचे फ्रिज असतात, त्यांच्यावर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. फ्रिजच्या आत काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. तो दर सेकंदाला आतलं तापमान कळवतो. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असेल तर औषधभांडाराच्या स्क्रीनवर आकडा हिरवा, नाहीतर लाल, आणि सोबत पिपाणी. काम एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही सुरुवातीला वाटला होता.

नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात सर त्याला एक तास द्यायचे. मलाही दिला होता. कागद नाही, फळा नाही, किटलीजवळ उभ्याउभ्या, एक बोट बटणावर.

"एक्सेप्शन म्हणजे काय? प्रोग्रॅमला चालता चालता ठेच लागली की तो ओरडतो, ते. ओरडतो यात वाईट काही नाही. त्याचे दोन प्रकार. काही अडचणी आधीच दिसतात. नेटवर्क जाणार, फाइल सापडणार नाही, सेन्सर उत्तर देणार नाही. अशा वेळी कंपायलर तुम्हाला दारातच अडवतो. म्हणतो, असं झालं तर काय कराल ते आधी लिहून द्या, नाहीतर तुमचा प्रोग्रॅम मी तयारच करणार नाही. ते चेक्ड. दुसऱ्या अडचणी सांगून येत नाहीत. जिथे काहीतरी असायला हवं तिथे हात घालता आणि तिथे काहीच नसतं. कोणी आधी विचारलेलं नसतं. चालता प्रोग्रॅम आडवा होतो. ते अनचेक्ड. यातलं वाईट कुठलं?"

"अनचेक्ड," मी म्हटलं. सगळे हेच म्हणतात.

"नाही. अनचेक्ड तुम्हाला आडवं पाडतं, पण पडल्याचं कळतं तरी. चेक्डमध्ये माणूस खोटं बोलून सुटतो. कंपायलर विचारतो, काय कराल? माणूस लिहितो, पकडतो. आणि पकडून पुढे काहीच करत नाही. कंस उघडला, कंस मिटला. कंपायलर खूश, प्रोग्रॅम तयार. अडचण गेली पोटात."

याला आमच्या धंद्यात 'गिळणं' म्हणतात. सरांचा नियम असा होता की, जिथे तुम्हाला खरंच काही करता येत असेल तिथेच पकडायचं, नसेल करता येत तर वर जाऊ द्यायचं, वर कोणीतरी असतं.

"आणि वर कोणीच नसेल तर?" मी आगाऊपणा केला होता.

"तर पडू दे. पडलेला दिसतो तरी," सर म्हणाले आणि बटणावरचं बोट काढून नखाकडे बघत बसले.

सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. त्यांचा आवाज मला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता, कारण त्या दिवसाआड ऑफिसच्या फोनवर असायच्या. "तुमच्या सरांना सांग गं, चष्मा घरी विसरलात. आज तरी लोकांचा कोड पास होईल." दोन वर्षं त्यांच्या किडन्या नीट चालत नव्हत्या. सरांनी ते आजारपण कोडसारखंच हाताळलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला होता. मी एकदा गेले होते तेव्हा पाहिला. चौदा ओळी होत्या. ताप आला तर हे डॉक्टर. धाप लागली तर आधी खुर्ची, मग खिडकी, मग हा नंबर. पाय सुजले तर, उलट्या थांबल्या नाहीत तर, रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली नाही तर. प्रत्येक ओळीपुढे काय करायचं ते, आणि ते जमलं नाही तर काय, तेही.

काकू मला तो कागद दाखवून हसल्या होत्या. "बघ, माझ्या सगळ्या मरणांची सोय करून ठेवलीय यांनी. आता मला चुकीचं मरायची सोयच राहिली नाही."

त्या गेल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. किडन्यांचा काही संबंध नव्हता. चौदा ओळींत ते कुठेच नव्हतं.

आता माझं सांगते. ते सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय सरांचं सांगता येणार नाही.

एका जुन्या इस्पितळात आमचे बारा फ्रिज होते. तिथल्या भिंती हातभर जाड, त्यामुळे सेन्सरचं उत्तर मध्येच पाच-दहा सेकंद यायचं नाही. उत्तर नाही आलं की स्क्रीन लाल, पिपाणी सुरू. लगेच उत्तर यायचं, पुन्हा हिरवा. दिवसातून चाळीसदा. सिस्टरांनी पिपाणीवर टॉवेल कोंबून ठेवला होता. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, माझ्या मागे लागले, "ते लुकलुकणं बंद कर. काय वाटेल ते कर."

मी काय केलं, तर सेन्सरने उत्तर दिलं नाही की जे एक्सेप्शन यायचं ते पकडलं, आणि तिथे एक ओळ लिहिली. शेवटचं माहीत असलेलं तापमान दाखवा. बस. लुकलुकणं बंद. वर शेरा लिहिला, 'तात्पुरतं'. आमच्या धंद्यात तात्पुरत्याइतकं कायमचं दुसरं काही नसतं, हे मला माहीत होतं.

हेही माहीत होतं की सर त्या ओळीवर बोट ठेवतील आणि विचारतील, "किती वेळ?" पाच सेकंद जुना आकडा दाखवला तर ठीक. पाच मिनिटं? पाच तास? त्याला मर्यादा घालायची तर आणखी पाच ठिकाणी कोड बदलावा लागणार होता, दोन दिवसांचं काम. मी कंटाळले होते. सोमवारी संध्याकाळी लिहून झालं आणि मी ते रिव्ह्यूला टाकलं नाही, ठेवून दिलं. मंगळवारी काकू गेल्या.

सर शुक्रवारी कामावर आले. चौथ्या दिवशी. मुलगी लांबच्या शहरातून येऊन घरी होती, ती नको म्हणत होती. साहेबही म्हणाले, "सर, कशाला आलात?" सर म्हणाले, "घरी काय करू?" इस्त्रीचा शर्ट, चष्मा जागेवर. कोणीतरी कसे आहात विचारलं. "बरंय. चाललंय," ते म्हणाले. सगळ्यांना तेच म्हणाले. आम्ही सगळे माना खाली घालून आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलो.

रिव्ह्यू करणारे आणखी दोघं होते. ते त्या आठवड्यात सगळं वाचत होते, डोळ्यांत तेल घालून, सरांची उणीव भासू नये म्हणून. मी त्यांच्याकडे पाठवलं नाही. शुक्रवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी तो कोड सरांकडे पाठवला. कारण त्या दिवशी ते वाचणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

दहा वाजून सोळा मिनिटांनी अप्रूव्हल आलं. एक प्रश्न नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग मी जेवले. हे मी मुद्दाम सांगतेय. व्यवस्थित जेवले.

पंधरा दिवस राहून मुलगी परत गेली. त्यानंतर रोज चारला तिचा फोन यायचा. सर फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायचे, त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. "कसे आहात बाबा?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं. "बरंय. चाललंय. तू जेवलीस का?" दुपारी चारला कोण जेवतं? पण रोज तेच, त्याच सुरात. त्यांचे रिव्ह्यूही तसेच झाले होते. 'आणि मग' बंद झालं. कोड जायचा आणि यायचा. नवीन माणसांना वाटलं, सर मवाळ झाले. आम्हा जुन्यांना काय वाटलं ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

काकू जाऊन दोन महिने झाले होते. त्या इस्पितळात एका शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी कपाट सरकवताना भिंतीतली एक पिन निघाली. त्या एकाच बोर्डावर फ्रिजही होता आणि सेन्सरचं उत्तर पुढे पाठवणारी पेटीही. दोन्ही एकदम गप्प झाली. स्क्रीनवर आकडा चार पूर्णांक दोन. हिरवा. शनिवारी चार पूर्णांक दोन. रविवारी चार पूर्णांक दोन.

सोमवारी सकाळी औषधभांडाराच्या बाईंनी फ्रिज उघडून एक बाटली काढली, तर ती कोमट. त्यांचा फोन मीच घेतला.

"अहो, मी आधी स्क्रीन बघितली, मग बाटली बघितली, मग पुन्हा स्क्रीन," त्या म्हणाल्या. "शेवटी वाटलं, मलाच ताप आलाय. कपाळाला हात लावून बघितला मी. तुमच्या आकड्यावर इतका विश्वास हो आमचा."

शनिवार-रविवारी त्या फ्रिजमधली इंजेक्शनं सतरा जणांना दिली होती. देणाऱ्या सिस्टरांच्या हातात मोजे होते आणि समोर हिरवा आकडा होता, त्यांचा काय दोष? सतराही जणांना परत बोलावून तपासलं. त्यात सहा दिवसांचं एक बाळ होतं. कोणाला काही झालं नाही. कोणाला काही झालं नाही, हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की शेवटी ते नुसते आवाज उरले.

बुधवारी अकरा वाजता मीटिंग झाली. साहेब, इस्पितळाचे एक अधिकारी, सर आणि मी. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीचा इतिहास राहतो. कोणी लिहिली, कोणी पास केली, कधी. साहेबांनी तो पडद्यावर लावला. लिहिणारी मी. पास करणारे सर. आणि कंपनीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, जो सरांनीच घालून दिला होता, तो असा की, लिहिणारा चुकतोच, म्हणून जबाबदारी पास करणाऱ्याची.

इस्पितळाला लेखी उत्तर हवं होतं आणि त्यात एक नाव हवं होतं.

"सर," साहेब म्हणाले, "दुसऱ्या कोणाचं असतं तर मी समजू शकलो असतो. तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?"

सर पडद्याकडे बघत होते. साहेबांचंही लक्ष तारखेकडे गेलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "त्या आठवड्यात तुम्ही यायलाच नको होतं."

"मंजुरी माझी आहे," सर म्हणाले. "नाव माझं लिहा."

मी घरून वाक्यं पाठ करून आले होते. कोड सोमवारीच तयार होता. मी मुद्दाम थांबले. सरांना फसवलं. तीन वाक्यं, फार नाहीत. मी तोंड उघडलं.

"पाणी हवंय का?" साहेबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले. सगळं पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला तोपर्यंत विषय पुढे गेला होता.

सरांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. साहेबांनी शब्द जपून वापरले. विश्रांती, तब्येत, इतक्या वर्षांची सेवा. मतलब एकच, उद्यापासून येऊ नका. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "काम नका देऊ. मी नुसता येऊन खुर्चीवर बसलो तर चालेल का?"

इस्पितळाचे अधिकारी खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांना ते जमलं नाही, कारण त्यांची पाठ खिडकीकडे होती. "त्यांनी लेखी मागितलंय, सर," ते म्हणाले.

सरांनी टेबलावरून त्यांचा कप, पेनं आणि चष्म्याची जादा पेटी उचलली. एका पिशवीत मावलं. जाताना किटलीजवळ थांबून त्यांनी तिचं बटण एकदा दाबून बघितलं. मला वाटलं होतं की मी रडेन. मला काहीच झालं नाही. मी जागेवर बसून मेल वाचत होते, आणि मेल कशाबद्दल होती हे मला वाचल्यावरही सांगता आलं नसतं.

पुढचे दहा दिवस मी तो कोड दुरुस्त केला. दोन दिवसांचं काम होतं, मी दहा लावले. अकराव्या दिवशी, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास सरांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट होता. "ये," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. मी मागोमाग गेले. कपाटाच्या दारावर तो कागद तसाच होता, चौदा ओळी, एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलेली. स्वयंपाकघरातून आतली खोली दिसत होती. पलंगावर कपड्यांचा ढीग होता. एका बाजूला घड्या, दुसऱ्या बाजूला नुसतेच कपडे. मधोमध एक टॉवेल अर्धा दुमडलेला. पलंगाच्या दुसऱ्या कडेला एका माणसापुरती जागा ठेवली होती, तिथे उशी होती.

चहा घेऊन आम्ही बाहेर बसलो. मला वाटलं, आता बोलले नाही तर पुन्हा कोणीतरी पाणी विचारेल.

"सर, तो कोड मी मुद्दाम त्या दिवशी पाठवला. सोमवारीच तयार होता. तुम्ही नेहमीसारखे असता तर परत पाठवला असता. त्या दिवशी तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून पाठवला. मी मीटिंगमध्ये सांगणार होते. नाही सांगितलं."

सरांनी बशी थोडी फिरवली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, कोडवर तारीख असते. सोमवारी लिहिलास, शुक्रवारी पाठवलास. चार दिवस काय करत होतीस, एवढं मला कळत नाही का?"

"सोमवारी मी साहेबांना सांगते. तुम्हाला परत बोलावतील."

"सांगायचं तर सांग, तुझं तू. पण नाव माझंच राहू दे. बरोबर आहे ते."

"बरोबर कसं, सर? तुम्ही वाचलंच नव्हतं!"

"वाचलं होतं."

मी कप खाली ठेवला.

"दोनदा वाचलं," सर म्हणाले. "सहा मिनिटं लागली. समोरून उत्तर आलं नाही, तर शेवटचं माहीत असलेलं दाखवा." त्यांनी ती ओळ अशी म्हटली जशी रोज म्हणत असतील. "इतकी वर्षं मी ही ओळ कोणाला लिहू दिली नाही. तुझ्याआधी निदान दहा जणांनी लिहिली असेल, दहाही वेळा परत पाठवली. त्या दिवशी वाचली आणि मला वाटलं, बरोबरच आहे की. दुसरं काय दाखवणार?"

चहावर साय धरायला लागली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मग?"

"मग काय. पास केला."

मी फसवलं, या ओझ्याखाली मी अडीच महिने वावरले होते. ते ओझं सरांनी इतक्या सहज काढून घेतलं की मला मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्या दिवशी ते वाचणार नाहीत एवढाच अंदाज मी केला होता. वाचतील आणि पटेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माणसाची अवस्था काय आहे हे त्याच्या शर्टाच्या इस्त्रीवरून ठरवून आम्ही चौदा जण... तेरा जण दोन महिने कामं करत बसलो होतो.

"दुरुस्त काय केलंस?" सरांनी विचारलं.

"दोन मिनिटांपेक्षा जुना आकडा असेल तर आकडाच काढून टाकते. 'तापमान माहीत नाही' असं येतं."

"आणि मग?"

किती दिवसांनी ऐकलं मी ते. "मग औषधभांडारात वाजतं."

"आणि मग?"

"दहा मिनिटांत कोणी बघितलं नाही तर वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांच्या फोनवर जातं. तिथेही कोणी घेतलं नाही तर त्यांच्या वर. कोणीतरी येऊन हाताने फ्रिज उघडून बघेपर्यंत वाजत राहतं. थांबवायचं बटण ठेवलेलंच नाही."

"लोकांना त्रास होईल."

"होतोय. तक्रारी येताहेत."

"होऊ दे," सर म्हणाले. आणि कपातली साय बाजूला सारून, "आता पास केला असता मी."

चार वाजले आणि फोन वाजला. सरांनी तो दोन कपांच्या मध्ये ठेवला आणि स्पीकर लावला.

"बाबा, कसे आहात?"

वाक्य पुरं झालं. उत्तर आलं नाही. सर आतल्या खोलीकडे बघत होते, तिथे जिथे तो टॉवेल होता. मी फोनकडे बघत होते. त्यावर सेकंद मोजले जात होते, सात, आठ, नऊ.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"कसे आहात?"

"माहीत नाही गं," सर म्हणाले.

पलीकडून तिच्या ऑफिसातला कोणाचा तरी आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एक दार लागलं.

"काय म्हणालात?"

"मला माहीत नाही, असं म्हटलं. मला काही कळत नाही. घड्या तशाच पडल्यात."

"बाबा, मी येते," मुलगी म्हणाली. "आज निघते. आत्ता."

मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. ते आता म्हणतील, कशाला, बरंय, चाललंय, तू जेवलीस का. त्यांचे ओठ एकदा हलले. पण ते नको म्हणाले नाहीत.

मी कप उचलले आणि विसळायला आत गेले.